साहेब, नानसिंग पळाला नव्हता

साहेब, तुमच्या तेराव्याला वहिनीसाहेबांनी मला भरल्या पानावरून उठवलं. चाळीसेक माणसं जेवत होती. तुमचे धारचे चुलतभाऊ, व्याही, आपले जुने हवालदार. मी सुजलेल्या ओठांनी कसंबसं श्रीखंड चाटत होतो, कारण समोरचे दोन दात चार दिवसांपूर्वी गेले. वहिनीसाहेब आतल्या खोलीतून थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मधुकरराव, ज्यांचं नाव तुम्ही भर हाटात धुळीला मिळवलंत, त्यांच्या घरचं गोड तुमच्या घशाखाली उतरतं तरी कसं? उठा."

उठलो. हातसुद्धा धुतला नाही. राग आला नाही असं म्हणणार होतो, पण तुमच्यापुढे खोटं कशाला बोला, थोडा आला. श्रीखंड चांगलं झालं होतं.

त्यांचं काही चुकलं नाही. तुमच्या नवव्या दिवशी मी गंधवानीच्या पलीकडे डोंगरात गेलो आणि आठवड्याच्या बाजारात उभा राहून ओरडलो, की अठरा वर्षांपूर्वी तुम्ही एका खऱ्या साक्षीदाराला खोटा ठरवून गुरासारखं मारलंत. तुमचं नाव घेतलं, पूर्ण. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारायला तुम्ही होतात कुठे? म्हणून आता विचारतोय. बरोबर केलं की चूक, ते सांगा. नाहीतर नेहमीसारखी एक शिवी तरी द्या.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. मनमिळाऊ! सोनकच्छचे तुमच्या हातचा प्रसाद खाल्लेले सगळे गुंड ते वाचून पोट धरून हसले असतील.

त्याच सोनकच्छला मी तुमचा मुन्शी झालो. साहेब विचारणार, मुन्शी लिहिणार. माझे वडील खानदेशातून देवासला कारखान्यात आलेले, आणि तुम्ही धारच्या दरबारी घराण्यातले. तुमचं मराठी म्हणजे बखर आणि माझं म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी माळवी. "मधू, 'करके आला' नव्हे रे, 'करून आला'," असं तुम्ही भर ठाण्यात मला सुधारायचात. आपण दोघं मराठीत बोलायला लागलो की समोर बसलेल्या आरोपीचं पाणी पाणी व्हायचं, कारण त्याला वाटायचं त्याचंच काहीतरी ठरतंय. खरं तर तुम्ही मला बटाट्याच्या भाजीत हिंग किती घालायचा ते सांगत असायचात.

आणि सोनकच्छच्या मंडीतली ती दुपार. दोन घराण्यांची जुंपली होती, फरसे, म्हणजे कुऱ्हाडी, निघाले होते, एकाचा गुडघा माझ्यासमोर सोयाबीनच्या ढिगात उघडा पडला होता. मी त्याच्यावर वाकलो आणि ट्रॉलीमागून दुसरा माझ्या मानेवर फरसा घेऊन आला. मला तो दिसलाच नाही. मला दिसला तो मध्ये आलेला तुमचा डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेला, आत पांढरं हाड. उजव्या हाताने तुम्ही त्या माणसाचा जबडा फोडलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "बघतोस काय? पंचनामा लिही. हात माझा कापलाय, तुझा नाही." बावीस टाके पडले. माझ्या दोन्ही पोरींची लग्नं झाली, नातवंडं झाली, ती त्या बावीस टाक्यांवर झाली, साहेब. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर हाकललं असतंत.

तुम्ही रिटायर झालात, मागोमाग मी झालो. लोक नातवंडं खेळवतात, देवळात जातात. तुम्ही देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी घराच्या ओसरीत खुर्ची टाकलीत आणि छंद धरलात तो न उलगडलेल्या खुनांचा. आपल्या मध्य प्रदेशात अशी फाईल बंद झाली की तिला खात्मा लागला म्हणतात. कोणकोणत्या वकिलांकडून तुम्ही त्या जुन्या बयानांच्या, म्हणजे जबाबांच्या, नकला मिळवल्यात, देव जाणे. दुपारचा चहा झाला की डोळे मिटून बसायचात. "वाच." मी वाचायचो. साक्षीदार कुठे खोटं बोलला तिथे तुमचं बोट वर व्हायचं.

आणि खरंच व्हायचं हो! नेमावरचं ते बयान आठवतं? नर्मदेत थोरला भाऊ बुडाला आणि धाकट्याने सगळं ओळीने सांगितलं होतं. किती वाजता अंघोळीला गेलो, पाणी कुठवर होतं, कोणाला हाक मारली. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही म्हणालात, "अडीच पानं झाली मधू, भावाचं नाव एकदाही आलं नाही. 'तो', 'तो', 'तो'. सख्ख्या भावाला बुडताना बघणारा माणूस नावाने हंबरडा फोडतो रे." तुम्ही तिथल्या अधिकाऱ्याला फोन केलात. महिन्याभरात धाकट्याने कबूल केलं, की थोरल्याचं डोकं त्यानेच गुडघ्याखाली दाबून पाण्यात धरलं होतं, बुडबुडे थांबेपर्यंत.

तरी मी तुमच्याशी भांडायचो. म्हणायचो, साहेब, माणूस समोर असला तर घाम दिसतो, थुंकी गिळताना दिसतो. कागदाला कुठे घाम येतो? तुम्ही म्हणायचात, "घाम नाही, पण वास येतो." मी म्हणायचो, वास येतो तो मुन्शीच्या शाईचा. तुम्ही हसायचात. तुम्हाला वाटायचं मी विनोद करतोय. मी विनोद करत नव्हतो, कारण वर्षातून एकदा तरी तुम्ही ती गंधवानीकडची फाईल काढायचात आणि तेच विचारायचात, "मधू, तो नानसिंग खोटं का बोलला असेल रे? सख्खी बहीण मेली होती त्याची."

मी चहाचे कप उचलून आत न्यायचो.

आता सगळं सांगतो. तुम्हाला माहीत असलेलंही सांगतो, कारण हे दुसरंही कोणी वाचेल.

तिथे आपलं ठाणं होतं, त्याचं नाव लिहीत नाही. तुम्ही खटपट करून मला सोबत नेलं होतंत. कापूस वेचणीचे दिवस. नानसिंगची धाकटी बहीण कमली शेतात मेलेली सापडली. फालियाचे वार होते, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्याचे. मान जवळजवळ तुटलेली आणि उजव्या हाताची तीन बोटं बाजूला पडलेली, कारण तिने वार अडवायला हात वर केला होता. पंचनामा लिहिताना मी दोनदा बांधावर जाऊन ओकलो. नानसिंगने सांगितलं, त्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्याने मारलं. ती त्याच्या जीपने कामाला जायची आणि त्याला नाही म्हणाली होती. शेळ्या चारणाऱ्या टेटली नावाच्या म्हातारीनेही लांबून तेच बघितलं होतं.

दोघं भिलीत बोलले. गावच्या कोटवाराने, म्हणजे सरकारी राखणदाराने, हिंदी करून सांगितलं. मला भिली येत नव्हती, दुपार टळली होती, घाई होती. मी लिहिलं.

मुन्शीची वाक्यं ठरलेली असतात, साहेब. वीस वर्षं लिहून ती बोटात बसलेली असतात. खून बघितलेला माणूस काहीही बोलो, आम्ही लिहितो, "उसके कपड़े खून से सने थे, मैं भयभीत होकर मौके से भाग गया।" नानसिंगच्या बयानात ते लिहिलं, म्हातारीच्याही बयानात तेच लिहिलं, नुसतं 'गया'चं 'गई' केलं. आणि शेवटी नेहमीची ओळ, "जैसा बताया वैसा लिखा गया।"

तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवलेत. लाल पेन्सिल काढलीत. दोन माणसं, एकच वाक्य, शब्दाला शब्द. "पढवलेत यांना कोणीतरी," म्हणालात. आठ दिवसांनी नानसिंगला बोलावलंत.

तुम्ही विचारलंत, बघितल्यावर तू काय केलंस? तो म्हणाला, उभा होतो. तुम्ही कागद त्याच्या तोंडावर फेकलात. "यहाँ लिखा है भाग गया! आज बोलता है खड़ा था?" तो म्हणाला, खड़ा था. पहिली थप्पड त्याच्या डाव्या कानावर बसली. तुमचा तो हात मला माहीत होता, जबडा फोडणारा. तो भिंतीवर आपटून खाली पडला आणि कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. त्याला उलटा पाडून तळव्यांवर काठी, मग पाठीवर पट्टा. बक्कल लागलं तिथे कातडी सोलली. दर थोड्या वेळाने तुम्ही विचारायचात, भागा कि खड़ा था? आणि तो मूर्ख, तो देवमाणूस, म्हणायचा, खड़ा था. बाहेर चहावाला आला आणि परत गेला. शेवटी त्याला सुटायचा एकच रस्ता दिसला. तो म्हणाला, "कई नी देख्यो." काही बघितलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "घे लिहून." म्हातारीने हे ऐकलं आणि तिनेही काही बघितलं नव्हतं.

खात्मा लागला. आपली बदली झाली.

मागे काय झालं ते आपल्याला कळलं नाही, म्हणजे मी कळून घेतलं नाही. त्या लोकांत खून आपसात मिटवायची रीत आहे, भांजगडी म्हणतात तिला, पण ती सगळ्या भावकीसमोर होते. नानसिंगने ठाण्यात शब्द फिरवला म्हणजे त्याने एकट्याने, चोरून, पैसे घेऊन बहिणीचं रक्त मिटवलं, असं सगळ्यांनी धरलं. त्याच्याच भावकीने त्याचं घर पेटवलं. बैल आत होता. अठरा वर्षं त्याच्या हातचं पाणी कोणी प्यायलं नाही, त्याच्या पोरीला कोणी मागणी घातली नाही.

आता आपली शेवटची दुपार. तुम्ही पुन्हा तीच फाईल दिलीत. मी वाचत होतो आणि 'भयभीत' आलं तसं तुमचं बोट वर झालं. इतक्या वर्षांत तिथे कधी झालं नव्हतं.

"थांब. परत वाच." वाचलं. "हे त्याचं बोलणं नव्हे मधू. जो माणूस हाडं मोडेस्तोवर 'उभा होतो' म्हणाला, तो त्याआधी आठ दिवस 'भयभीत' म्हणेल? हे त्याच्या तोंडात कोणी घातलं?"

मी कागद खाली ठेवला. म्हणालो, "मी, साहेब."

मग सांगितलं, भिली येत नव्हती, घाई होती, नेहमीचं वाक्य पडलं. तुम्ही उठलात आणि हातातली काठी माझ्या खांद्यावर घातलीत. मग पाठीवर. तिसरी चुकली आणि कुंडी फुटली. वहिनीसाहेब धावत आल्या. तुम्ही धापा टाकत उभे होतात, तोंड लालबुंद. "तेव्हा का नाही बोललास? मी मारत होतो तेव्हा का नाही बोललास, नालायका?" मी म्हणालो, "सोनकच्छ." दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही आपल्या डाव्या हाताकडे बघितलंत, बराच वेळ. मग म्हणालात, "चालता हो." मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून आवाज आला. "उद्या सकाळी गाडी घेऊन ये. गंधवानीला जायचंय."

सकाळी गाडी घेऊन आलो तर दारात माणसं. तुम्ही अंघोळ करून खुर्चीत बसला होतात. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची तशीच. डॉक्टर म्हणाला हृदय. वहिनीसाहेब म्हणतात मी. दोघंही खरं बोलत असतील.

तिथे जाऊन तुम्ही काय करणार होतात, साहेब? पाया पडणार होतात, की तुमच्या समाधानासाठी त्याला पुन्हा उलटसुलट विचारणार होतात? तुम्हाला ओळखतो म्हणून दोन्ही शक्य वाटतं. पण मी आपलं धरून चाललो की पाया पडायलाच, आणि नवव्या दिवशी एकटा निघालो.

नानसिंग वस्तीच्या टोकाला एकटा राहतो. केस पांढरे झालेत. डावा कान गेलाय, पूर्ण. बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. मी बसलो आणि तुम्हाला सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं. भिली येत नव्हती, घाई होती.

तो हसला. "झूठ."

मग त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, तू मला वाचून दाखवलं होतंस. 'भाग गया' एवढी हिंदी मला तेव्हाही कळत होती. मी कोटवाराला सांगितलं, कोटवाराने तुला सांगितलं, साब, यो भाग्यो नी, खड़ो थो. तू म्हणालास, "चलता है, सब भागते हैं।"

साहेब, वर मी जे लिहिलंय ते खोटं आहे. तुम्हाला शेवटच्या दुपारी सांगितलं तेही खोटं होतं आणि तुम्ही ते घेऊन गेलात. कोटवाराने मला सांगितलं होतं, मला कळेल अशा भाषेत. पण बयानात खाडाखोड चालत नाही. चार पानं झाली होती, ती पहिल्यापासून लिहावी लागली असती, आणि मला भूक लागली होती. एवढंच कारण. सोनकच्छ वगैरे मी नंतर शोधलं.

मी विचारलं, तू उभा का राहिलास? तो म्हणाला, जीपवाल्याने वर बघितलं, मला बघितलं. मी पळालो असतो तर त्याला वाटलं असतं, हा घाबरला, बोलणार नाही. म्हणून उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघत बघत फालिया कपाशीच्या पानांना पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि गेला. हेही मी सांगितलं होतं, तू लिहिलं नाहीस.

प्रेतापासून आठ पावलांवर कपाशीची रक्त लागलेली पानं, ही ओळ माझ्याच पंचनाम्यात आहे. एवढं एक वाक्य बयानात असतं तर तुम्ही बयान आणि पंचनामा शेजारी ठेवले असतेत आणि जीपवाल्याच्या नरड्याला हात घातला असतात. तुमची विद्या खरी होती, साहेब. कागद खोटा होता.

मी नानसिंगचे पाय धरायला गेलो. त्याने पाय मागे घेतले. "मेरे को नहीं. उनको बोल." त्या दिवशी हाट होता.

मी बांगडीवालीच्या खाटेवर चढलो. बयानात लिहितो तसंच बोललो, माझं नाव, बापाचं नाव, राहणार देवास. मग तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव. नानसिंगने खरं सांगितलं होतं, तो पळाला नव्हता, त्याने काही मिटवलं नाही, मी चुकीचं लिहिलं, साहेबांनी त्याला मारून शब्द फिरवायला लावला, आणि कमलीला मारलं त्या तिथे उभ्या असलेल्या जीपवाल्याने. हो, तो तिथेच होता. आता त्याच्या तीन जीपगाड्या आहेत.

त्याचा पुतण्या चाक खोलायचा पाना घेऊन आला. पहिला घाव तोंडावर. दात जिभेवर पडल्याचं कळलं. दुसरा बरगडीवर, मी कांद्यांच्या ढिगात पडलो. तिसरा डोक्यावरच बसला असता, पण नानसिंगच्या भावकीतले लोक उठले, त्याचं घर जाळणारे तेच. त्यांनी पुतण्याला खाली घेतला आणि तिन्ही जीपच्या काचा फोडल्या, एक जीप उलटी केली. जीपवाला रक्ताळलेल्या डोक्याने शेतातून धावत सुटला. पोलीस आले. एक तरणी सब-इन्स्पेक्टर बाई आहे, मराठीच, इंदूरची. तिने माझं बयान घेतलं आणि प्रत्येक वाक्य टाइप केल्यावर विचारलं, असंच म्हणालात ना? फाईल पुन्हा उघडायला लिहिते म्हणाली. होईल का, माहीत नाही.

बयान देऊन बाहेर आलो तर नानसिंग बसून होता. त्याने मला हापशीवर नेलं, दांडा हलवला, मी रक्त थुंकत चूळ भरत राहिलो. त्याच्या भावकीतला एक म्हातारा आला, त्याने नानसिंगच्या हातून ओंजळभर पाणी घेतलं आणि काही न बोलता प्यायला. मला वाटलं आता तो रडेल. मीच रडलो.

तो माझ्याजवळ बसला. उजवा कान माझ्या फुटलेल्या तोंडाशी आणला आणि विचारलं, "साब मारतो थो, तब तू क्या करता था? मैं नीचे पड़ा था, मेरे को तू दिखा नहीं।"

साहेब, मी तुमच्या मागे टेबलाशी होतो, दोन हातांवर. म्हणालो, "लिख रहा था."